ठसा कुणाचा? आधी बोटं मोजा, पट्टी नंतर काढा

उसाच्या सरीत, पाणंदीच्या फुफाट्यात किंवा तळ्याकाठच्या गाळात मोठा ठसा दिसला की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "केवढा आहे?" गल्लत तिथूनच सुरू होते. ओल्या गाळात गावठी कुत्र्याचा ठसा पसरून बिबट्याएवढा होतो. कडक जमिनीवर खऱ्या बिबट्याच्या ठशाच्या कडा उमटतच नाहीत, आणि तो रानमांजराचा वाटतो. आकारावर मातीची मर्जी चालते. बोटं किती, ती कशी बसली आहेत, तळव्याच्या गादीचा घाट कसा आहे, यावर मात्र मातीचं फारसं चालत नाही.

म्हणून ओळखण्याचा क्रम असा ठेवा: बोटं किती, नखं उमटली आहेत का, गादीची मागची कड कशी, पुढचा पाय की मागचा, डावा की उजवा, आणि मग पट्टी. हा क्रम पाठ करायची गरज नाही. पाय कसा बनला आहे हे एकदा कळलं की तो आपोआप सुचतो.

सगळे पाय एकाच हातात

उजवा हात टेबलावर पालथा, सपाट टेकवा. तळहात, मनगट, पाचही बोटं जमिनीला. हे अस्वलाचं आणि माणसाचं पाऊल: पूर्ण तळवा टेकवून चालणारं. वजन पेलायला आणि उकरायला बरं, वेगाने धावायला नाही.

आता तळहात उचला आणि बोटांच्या पेरांवर हात उभा करा. अंगठा आपोआप अधांतरी राहतो. हे कुत्र्या-मांजराचं पाऊल. त्यांच्या पुढच्या पायाला पाच बोटं असतात, पण अंगठा वर असल्यामुळे ठशात उमटत नाही. मागच्या पायाला बहुधा चारच. त्यामुळे पुढचा असो की मागचा, ठशात बोटं चार. कुत्र्याचा मागचा गुडघा "उलटा" वाकतो असं आपण म्हणतो, तो गुडघा नसतोच. ती त्याची टाच असते, जमिनीपासून वीतभर वर उचललेली. खरा गुडघा वर, पोटाजवळ.

हात आणखी उभा करा, फक्त मधलं बोट आणि अनामिका यांची नखं टेबलाला टेकू द्या. तर्जनी आणि करंगळी मागे, थोडी वर. हे हरीण, गाय, शेळी, डुक्कर. खूर म्हणजे जाड झालेलं नखच. मागे लटकणारी दोन छोटी खुरं म्हणजे तर्जनी-करंगळीचे अवशेष. शेवटी फक्त मधल्या बोटाच्या नखावर हात पेलून पाहा. तो घोडा. घोड्याच्या फार जुन्या पूर्वजाला पुढे चार आणि मागे तीन बोटं होती. मधलं वाढत गेलं, बाकीची आक्रसली. गेंड्याने तिथवर मजल मारली नाही, त्याला प्रत्येक पायाला तीन बोटं आहेत.

बोटं कमी होत जातात ती साधारण याच क्रमाने: आधी अंगठा, मग कडेची. पाय जितका लांब आणि जमिनीवर टेकणारी बोटं जितकी कमी, तितका प्राणी पळण्यासाठी घडलेला. हे अगदी काटेकोर नाही, पण ठशासमोर बसल्यावर पुष्कळ कामाला येतं.

शिकायचं कुठे: घरामागचा मातीचा पट्टा

जंगलात जाऊन शिकू नका. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरता येत नाही, आणि ठसे घ्यायला परवानगी लागते. शिकण्यासाठी शेताचा बांध, पाणंद किंवा अंगण पुरतं. ओळखीच्या प्राण्याचा ठसा पन्नास वेळा पाहिल्याशिवाय अनोळखी ठसा कळत नाही, हे या कामातलं पहिलं सत्य.

१ मीटर रुंद आणि २ मीटर लांब जागा निवडा, जिथून कुत्री-मांजरं रोज जातात. दगड आणि काटक्या काढा. खालची जमीन धुम्मस करून घट्ट करा. मैद्याच्या चाळणीतून चाळलेली कोरडी माती वर पसरा, जाडी १ ते दीड सेंटिमीटर. याहून जाड थर दिला की पाय रुततो, कडा ढासळतात आणि बोटं एकमेकांत मिसळतात. पातळ थरात नुसत्या बोटांच्या टिकल्या उमटतात, गादी नाही. फळीच्या सरळ कडेने माती सारखी करा. हे संध्याकाळी करा आणि सकाळी ऊन चढायच्या आत पाहा. दव पडत असेल तर आणखी चांगलं, ओलसर माती कडा धरून ठेवते. काळी चिकण माती चालत नाही, सुकताना तडकते. गाळाची बारीक माती किंवा रस्त्यावरचा फुफाटा उत्तम.

पट्ट्यावरून आपल्या कुत्र्याला एकदा हळू चालवा, एकदा पळवा. मग माती भिजवून तेच पुन्हा करा. एकाच पायाचे चार ठसे किती वेगळे दिसतात ते बघितलं की आकारावरचा विश्वास कायमचा उडतो.

बिबट्या की कुत्रा

जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड या उसाच्या पट्ट्यात ठशाबद्दल सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथं थोडं थांबू.

चार बोटं दिसली म्हणजे मांजराचं किंवा कुत्र्याचं कूळ, किंवा तरस. आता गादीकडे पाहा. मांजर कुळाची गादी बोटांच्या मानाने मोठी असते, तिची पुढची कड बोथट, सपाटसर, आणि मागच्या कडेला तीन फुगवटे. हे तीन फुगवटे स्पष्ट दिसले तर पुढचं फारसं बघायची गरज नाही. कुत्र्याची गादी त्रिकोणी, पुढे एकच टोक, आणि मागची कड मध्ये आत गेलेली, दोन बाजूंना दोन फुगवटे.

दुसरी खूण बोटांच्या बसणुकीची. कुत्र्याची मधली दोन बोटं जोडीने पुढे, कडेची दोन जोडीने मागे, आणि ठसा डावी-उजवी सारखा. ठशावर काडीने फुली मारून पाहा: कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्या मधल्या जागेतून दोन रेषा तिरप्या, काहीही न कापता जातात. त्या फुलीच्या मध्यावर मातीचा छोटा उंचवटाही राहतो. मांजराच्या ठशात रेषा गादीला कापतात, कारण तिथं बोटं गादीभोवती कमानीसारखी बसलेली असतात.

तिसरी खूण नखं. मांजरं चालताना नखं आत ओढतात, म्हणून ठशात नखं नसतात, कुत्र्याची उमटतात. ही सर्वांना माहीत असलेली खूण आहे, आणि सर्वांत जास्त फसवणारीही. डांबरी रस्त्यावर हिंडून नखं झिजलेल्या कुत्र्याचा कडक जमिनीवरचा ठसा बिननखी दिसतो. उलट निसरड्या चिखलात किंवा उडी घेताना बिबट्याही पकडीसाठी नखं बाहेर काढतो. चित्त्याची नखं तर पूर्ण आत जातच नाहीत, त्याच्या ठशात ती दिसतात. तेव्हा नखांवरून निर्णय कधीच नाही. गादी आणि फुली यांनी जे सांगितलं त्याला नखांनी नुसता दुजोरा द्यावा.

आता डावा-उजवा. डावा हात पालथा ठेवा आणि अंगठा आत दुमडा. उरलेल्या चार बोटांत सर्वांत पुढे कोण? मधलं बोट, आणि ते मध्यरेषेच्या उजवीकडे आहे. बिबट्याचंही असंच. सर्वांत पुढचं बोट उजवीकडे असेल तर पाय डावा, डावीकडे असेल तर उजवा. करंगळीच्या जागचं बोट सर्वांत मागे राहतं. हा तिरकेपणा मांजर कुळात ठळक असतो. कुत्र्यात तो जवळपास नसतो, म्हणून कुत्र्याचा डावा-उजवा पाय एका ठशावरून सांगणं अवघड जातं. थोडक्यात, डावा-उजवा सहज सांगता आला, तर तोही मांजराच्या बाजूचाच पुरावा.

पुढचा पाय रुंद आणि गोलसर, मागचा अरुंद आणि लांबट, कारण छाती-डोक्याचं वजन पुढे असतं. बिबट्या निवांत चालताना मागचा पाय पुढच्याच ठशावर किंवा त्याला लागून टाकतो. दोन ठसे एकमेकांवर पडले की पाच-सहा बोटं दिसतात, आणि मग "हे काहीतरी वेगळंच जनावर आहे" अशी आवई उठते. अशा वेळी त्या ठशापाशी अडकू नका. मागावर दहा पावलं पुढे जा, एखादा ठसा सुटा मिळतोच.

मग पट्टी. घरच्या मांजराच्या ठशाची रुंदी साधारण ३ सेंटिमीटर, रानमांजराची ४ ते ५, पूर्ण वाढलेल्या बिबट्याची ७ ते ९, वाघाची ११ च्या पुढे, मोठ्या नराची १४-१५ पर्यंत. मधल्या आकड्यांवर वाद होतो: १० सेंटिमीटरचा ठसा मोठ्या बिबट्याचा की वाघाच्या बछड्याचा? बछड्याचे पंजे अंगाच्या मानाने मोठे आणि बोटं जाड, गादीला चिकटून असतात, आणि पावलांमधलं अंतर कमी पडतं. शिवाय एवढं बछडं एकटं हिंडत नाही. आसपास आईचा मोठा ठसा शोधा.

वाघाच्या मागच्या पायाचा ठसा चौकोनी असेल तर नर, लांबट असेल तर मादी, असं जुने वनरक्षक सांगतात. बऱ्याच ठशांची सरासरी घेतली तर त्यात तथ्य आहे, एकट्या ठशावर मात्र नाही. आपल्या देशात वाघांची गणती कित्येक वर्षं ठशांवरच होत असे. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत बसवली. काचेवर ठसा गिरवून घ्यायचा, तोही शक्यतो मागच्या डाव्या पायाचा, आणि गिरवलेल्या ठशांवरून वाघ वेगळे काढायचे. अडचण तीच, माती. एकाच वाघाचे वेगळ्या जमिनीवरचे ठसे दोन वाघांचे वाटत, आणि दोन वाघांचे ठसे एकाचे. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघच उरले नसल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि त्यानंतरच्या देशव्यापी गणनेत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आले, कारण अंगावरचे पट्टे बदलत नाहीत. ठशावरून जात ओळखता येते. ओळखपत्र म्हणून ठसा कच्चा.

तरस, लांडगा आणि कुत्र्यासारखे बाकीचे

तरसाचा ठसा लोकांना हमखास बिबट्याचा वाटतो. चार बोटं, मोठा आकार. पण बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली, गादी तिरकी आणि बेढब, नखं बोथट पण दिसणारी. खरी खूण जोडीत आहे: पुढचा ठसा मागच्यापेक्षा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. तरसाची मान-खांदे जड आणि मागचा भाग उतरता, त्याचाच हा हिशोब. म्हणून तरसाचा निर्णय एका ठशावर करू नये, पुढचा-मागचा दोन्ही हवेत.

लांडगा आणि मोठा गावठी कुत्रा यांच्यात मात्र एका ठशावरून ठामपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दोघांचा पाय एकाच साच्यातला. फरक मागात दिसतो. लांडगा माळावरून सरळ रेषेत, ठरवल्यासारखा दूरवर जातो. कुत्रा खांब हुंगत, वळत, परत येत जातो. कोल्ह्याचा ठसा लहान, अरुंद. खोकडाचा त्याहून लहान.

पाच बोटं दिसली तर

अस्वलाचा मागचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा असतो, टाचेसकट. घाई केली तर फसाल. माणसाचा अंगठा आतल्या बाजूला आणि सर्वांत जाड. आपल्या अस्वलाची पाचही बोटं सारख्या जाडीची आणि जवळपास एका ओळीत. पुढच्या पायाच्या ठशात बोटांपासून बऱ्याच अंतरावर नखांची टोकं मातीत खुपसलेली दिसतात. ही नखं वारुळं फोडण्यासाठी, आत ओढली न जाणारी. ठशाजवळ उकरलेलं वारूळ सापडलं तर प्रश्नच मिटला.

साळिंदर, म्हणजे सायाळ, हिचा पुढच्या पायाचा ठसा चार बोटांचा, मागचा पाच बोटांचा, आणि मागून काटे ओढल्याच्या बारीक समांतर रेघा. त्या रेघा असतील तर बोटं मोजायचीही गरज नाही. उंदीर, घूस, खार यांचाही हिशोब पुढे चार, मागे पाच. उदमांजराचा ठसा घाईत मांजराचा वाटतो, पण बोटं पाच. मुंगसालाही पाच, फक्त आतलं बोट पुसट उमटतं आणि नखं लांब दिसतात. सशाची गंमत वेगळी: उडी मारताना मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, म्हणून मागावर दोन छोट्या टिकल्या एकामागे एक आणि त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे, अशी आकृती. बोटं शोधू नका, तळव्याला केस असतात, ठसा पुसटच येतो. ज्या बाजूला लांबट ठसे, त्या दिशेला ससा गेला. नवखे लोक हमखास उलट दिशेला जातात.

वानराच्या पावलात अंगठा बोटांपासून फटकून बाजूला असतो, फांदी पकडायला. लहान मुलाचा हात मातीत दाबल्यासारखा तो ठसा दिसतो.

खुरं: दोन पाकळ्या, पण कुणाच्या?

इथं बोटांची संख्या मदत करत नाही, सगळ्यांची दोनच. मदत करतात ती मागची छोटी खुरं.

रानडुकराची छोटी खुरं खाली आणि बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे जरा मऊ जमिनीतही मुख्य ठशाच्या मागे दोन टिंबं उमटतात, आणि ती मुख्य खुराच्या रुंदीपेक्षा बाहेर येतात. हरणांची छोटी खुरं वर असतात. ती उमटली असतील तर एकतर चिखल खोल आहे किंवा जनावर जोरात पळालं आहे, आणि उमटली तरी मुख्य खुरांच्या मागे सरळ, आतच राहतात. रानडुकराच्या खुराच्या पाकळ्या पुढे गोलसर आणि फाकलेल्या. चितळाच्या टोकदार, बदामाच्या दोन अर्ध्या फाकांसारख्या.

पुढे लांबीवरून: पिसोरीचा ठसा २ सेंटिमीटरच्या आसपास, नखाएवढा. भेकराचा ३ ते ४. चितळाचा ४ ते ५. सांबराचा ७-८, मोठ्या नराचा थोडा जास्त. शेळी-मेंढी या पट्ट्यात मध्येच घुसते आणि घोळ घालते. शेळीच्या पाकळ्यांची टोकं बोथट, आणि बहुधा कळपाचे ठसे एकमेकांवर पडलेले. गव्याचा ठसा गाईसारखाच, मोठा. जंगलालगतच्या गावात मोकाट गुरं चरत असतील तर एका ठशावरून गवा आणि गाय वेगळे करणं धोक्याचं आहे. शेणाकडे, वाटेकडे आणि मोडलेल्या झुडपांच्या उंचीकडे बघा.

घोडा-गाढव एकखुरी: मागे उघडी कमान आणि तिच्या आत पाचरीसारखा त्रिकोण. गाढवाचा खूर अरुंद आणि उभट. उंट दोन बोटांचा असला तरी खुरांवर चालत नाही. रुंद मऊ गादीवर चालतो, पुढे फक्त दोन नखं. म्हणून वाळूत रुतत नाही.

हत्तीला प्रत्येक पायात पाच बोटं असतात, पण ती मांसात दडलेली, टाचेखाली चरबीची जाड गादी. बाहेरून दिसतात ती नखं. आशियाई हत्तीला बहुधा पुढे पाच, मागे चार. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागचा लंबगोल. दोडामार्ग-तिलारीच्या बाजूला आणि २०२१ पासून गडचिरोलीत हत्ती आहेत, त्यामुळे हा हिशोब आता आपल्याकडेही लागतो: पुढच्या पायाच्या गोल ठशाच्या कडेने सुतळी फिरवा, घेर मोजा, दुप्पट करा. ती हत्तीची खांद्यापर्यंतची अंदाजे उंची. घेर १२५ सेंटिमीटर आला तर उंची सुमारे अडीच मीटर. लंबगोल ठशावर हे गणित लावू नका, चुकतं.

पाण्याकाठी

पाणमांजराला पाच बोटं आणि त्यांच्यामध्ये पडदा. ओल्या गाळात पडद्याची पुसट कडही उमटते. मगरीचा हिशोब साळिंदराच्या उलटा, पुढे पाच बोटं, मागे चार, नखं फक्त आतल्या तीन बोटांना, आणि दोन्ही पायांच्या मधून शेपटीची ओढ. कृष्णाकाठी सांगलीच्या बाजूला किंवा वाशिष्ठीच्या खाडीत अशी ओढ ताजी दिसली, तर ठसा मोजायला वाकू नका, मागे सरका. घोरपडीच्या शेपटीची रेघ नागमोडी, दोन्ही बाजूंना लांब नखांची पाच-पाच बोटं.

पक्ष्यांच्या पायात बोटं जास्तीत जास्त चार, आणि मांडणी बघायची. चिमणी, कावळा, मोर: तीन पुढे, एक मागे. पोपट, सुतार, कोकीळ, भारद्वाज: दोन पुढे, दोन मागे. भारद्वाज जमिनीवर पुष्कळ चालतो, म्हणून त्याचा फुलीसारखा ठसा बागेत सहज सापडतो. शेकाट्याला मागचं बोट नसतंच. माळढोकालाही नसतं, त्यामुळे तो फांदी पकडू शकत नाही, झाडावर बसत नाही. माळ गेला की त्याच्याकडे दुसरी जागा उरत नाही. बदकाच्या पुढच्या तीन बोटांत पडदा, पाणकावळ्याच्या चारही बोटांत. वारकरी पक्ष्याच्या बोटांना सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाकळ्या. कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब की कमळाच्या पानावर वजन वाटून जातं.

मोजणं आणि फोटो

ठशाची रुंदी तळाशी मोजा, वरच्या कडेला नाही. २ सेंटिमीटर खोल ठशाच्या भिंती तिरक्या असतात; वरच्या कडेवर पट्टी ठेवली की दीड-दोन सेंटिमीटर फुकटचे वाढतात. बिबट्याचा वाघ इथंच होतो. एक ठसा मोजून थांबू नका. त्याच मागावरचे किमान पाच मोजा आणि त्यांतला सर्वांत लहान स्पष्ट आकडा खरा धरा. पावलांमधलं अंतर त्याच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांत, टाचेपासून टाचेपर्यंत घ्या.

फोटो अगदी वरून, कॅमेरा जमिनीला समांतर. तिरक्या फोटोत गोल ठसा लांबट होतो आणि पुढचा पाय मागचा वाटतो. १५ सेंटिमीटरची पट्टी ठशाच्या बाजूला, त्याच पातळीवर, ठशात नाही. नाणं किंवा काडेपेटी ठेवू नका. ऊन डोक्यावर असेल तर ठसा सपाट दिसतो. छत्रीने सावली करा आणि एका बाजूने, जमिनीलगत टॉर्च धरा. मागची कड लगेच उठून दिसते. एक फोटो ठशाचा, एक सलग मागाचा, एक आजूबाजूच्या जागेचा.

ठसा किती जुना, हे कळायला शेजारी स्वतःचा अंगठा दाबा आणि दोन्हीच्या कडा ताडून पाहा. कडा धारदार आणि तळ ओला असेल तर ताजा. त्यावरून मुंग्यांची रेघ किंवा दवाचे थेंब पडले असतील तर रात्रीचा. ठसा ताजा आणि गादीला तीन फुगवटे दिसत असतील, तर मोजमापाआधी लहान मुलांना आत घ्या, ठशावर टोपली पालथी घाला आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. माग काढत उसात शिरू नका.

प्लास्टरचा साचा

साहित्य: प्लास्टर ऑफ पॅरिस, पाणी, जुनं प्लास्टिकचं भांडं, लाकडी पट्टी, ५ सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी, कागदी चाप, चिमटा, मऊ ब्रश, वर्तमानपत्र. बिबट्याएवढ्या एका ठशाला अर्धा किलो प्लास्टर आणि सुमारे ३०० मिलिलिटर पाणी लागतं. मापाने दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी.

आधी फोटो. मग ठशात पडलेली पानं-काड्या चिमट्याने उचला. फुंकू नका, कडा उडतात. मातीचाच भाग असलेला खडा तसाच राहू द्या. ठशाभोवती २ सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठ्याचं कडं उभं करा, चापाने बांधा, खालची कड मातीत हलकी रोवा आणि बाहेरून माती लावून फट बुजवा. फट राहिली की प्लास्टर तिथून पळतं.

भांड्यात आधी पाणी, मग प्लास्टर, मुठीतून सावकाश भुरभुरत. उलट केलं की गुठळ्या होतात. मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात फेटलं की बुडबुडे शिरतात आणि नेमकी बोटांची टोकं पोकळ येतात. मिश्रण डोशाच्या पिठासारखं हवं. इथून पाचेक मिनिटांत ओतून संपवायचं, नंतर ते आवळतं. ओततानाही थेट ठशावर नाही: कडेच्या मातीवर लाकडी पट्टी धरा, तिच्यावरून घरंगळत आत जाऊ द्या. थर अडीच ते तीन सेंटिमीटर. पातळ साचा उचलताना हमखास गादी आणि बोटांच्या मधोमध मोडतो.

ठशात पाणी साचलं असेल तर स्पंजाच्या टोकाने टिपून घ्या, किंवा वर कोरडं प्लास्टर भुरभुरा, ते पाणी शोषतं. कोरड्या वाळूत उलट काम: आधी बारीक फवाऱ्याने, उंचावरून पाणी मारून वरचा थर बांधून घ्या.

अर्धा ते पाऊण तास थांबा, पावसाळी हवेत तासभर. साचा आधी गरम होतो, मग गार पडतो. गार झाल्यावरच हात लावा. सुरीने चारही बाजूंची माती मोकळी करा आणि साचा खालच्या मातीसकट उचला. माती लगेच धुवायची नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन दिवस सावलीत ठेवा, मग मऊ ब्रशने कोरडी माती झाडा आणि शेवटी हलक्या पाण्याने धुवा. उरलेलं प्लास्टर मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, भांड्यातच घट्ट होऊ द्या.

साचा ओला असतानाच पाठीवर खिळ्याने कोरा: तारीख, गाव, जमीन कसली, पुढचा की मागचा, डावा की उजवा. हे शेवटचं साचा उलटायच्या आत, मातीतल्या ठशाकडे बघून ठरवलेलं असायला हवं. साचा पालथा केला की तुम्ही ठसा नाही, पायाचा तळवा बघत असता, आणि सर्वांत पुढचं बोट दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं.